दोन नरसाळी

गुढियारीत वेगाची बोट बांधायला घेतली हे ऐकल्यावर ओळखीतल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "चालवणार कुठे?" प्रश्न रास्त होता. गुढियारी ही रायपूर स्टेशनच्या पलीकडची वस्ती. धान्य, डाळ, तेल, साखर यांचा ठोक बाजार. सकाळी ट्रक, दुपारी हातगाड्या आणि रात्रभर कोळशाच्या, लोखंडाच्या मालगाड्या. सर्वांत जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांवर. पण छत्तीसगडात पाण्याचा हिशेब तळ्यांनी करतात. जुनी माणसं एखाद्या गावाची ऐट सांगताना 'छै आगर छै कोरी तरिया' म्हणतात. सहा विसा आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी. रायपूरचं बुढा तालाब, महाराजबंध, कंकाली, तेलीबांधा अजून आहेत. रजबंधा तलाव मात्र गेला, त्याच्या जागी रजबंधा मैदान आहे आणि तिथे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत.

यांपैकी एकाही तळ्यात आम्ही बोट चालवली नाही. तळ्यांत माणसं आंघोळ करतात, म्हशी बसतात, ठेकेदाराचे मासे असतात. शहराबाहेर जुन्या दगडखाणी आहेत, काम थांबल्यावर पाण्याने भरलेल्या. त्यांतल्या एकीच्या मालकाने परवानगी दिली. हिरवट, खोल, स्थिर पाणी, आणि चारही बाजूंना उभे दगडी कडे. आवाजाच्या दृष्टीने ही जागा फार बोलकी निघाली, पण ते पुढे येईल.

आमचं घर रुळांच्या या बाजूला आलं ते रेल्वेमुळे. आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत लागले आणि नागपूरहून बदलून इथे आले. बाकीची मराठी घरं तात्यापाऱ्यात, बुढापाऱ्यात, पुढे चौबे कॉलनीत. महाराष्ट्र मंडळही १९३५ पासून तिकडच्याच लोकांचं. आम्ही गणपतीला तिकडे जायचो आणि एरवी इकडे, इंजिनांच्या आवाजात. एवढा कौटुंबिक आधार पुरे.

बोट सव्वा मीटर लांब. तळ इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, पुढे खोल आणि मागे जरा सपाट होत गेलेला. इंजिन गवत कापायच्या यंत्राचं, २६ सीसी, दोन-स्ट्रोक. छत्तीसगडात ही यंत्रं धान कापायलाही वापरतात, त्यामुळे दिवाळीनंतर दुरुस्तीच्या दुकानांत त्यांची रांग लागते आणि मोडक्यातून चांगलं इंजिन स्वस्तात मिळतं. परदेशातही पेट्रोलवर धावणाऱ्या मॉडेल बोटींचा मोठा वर्ग याच जातीच्या इंजिनांवर उभा आहे. मेथॅनॉल आणि नायट्रोमिथेन पिणारी छोटी शर्यतीची इंजिनं असतात, जास्त फिरतात, पण तसलं इंधन रायपुरात कुठून आणायचं? इथे पेट्रोलपंप आहे आणि टू-टी तेलाची पुडी अजून मिळते.

आईला हे सगळं अजिबात पटलं नाही. "गवत कापाच्या मशीनले पाण्यात कायले नेऊन राहिला?" असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली.

पुतण्याचा आक्षेप जास्त शास्त्रीय होता. "काका, ब्रशलेस मोटर लावू. लिथियम पॉलिमरची बॅटरी. आवाज नाही, धूर नाही, वेग जास्त." तो तिन्ही बाबतींत बरोबर होता. आज त्याच आकाराची विजेवरची बोट पेट्रोलच्या बोटीला सहज मागे टाकते, आणि पुढल्या दहा वर्षांत हा वाद उरणारही नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की मोटर विकत आणावी लागते आणि पाइप बनवावा लागतो. मला पाइप बनवायचा होता.

आधी वजन. वेगाच्या बोटीचं सगळं गणित इथे सुरू होतं. संथ चालणारी बोट पाणी बाजूला सारत जाते; वेग वाढला तसा पुढे पाण्याचा ढीग साचतो आणि बोट त्या चढावर अडकते. तो चढ ओलांडला की ती पाण्यातून वर येते आणि मुलं तळ्यावर चपट्या दगडाच्या भाकऱ्या टाकतात तशी पृष्ठभागाला टेकत, उसळत धावते. चढ ओलांडायला ताकद लागते, आणि बोट जड असेल तर चढही उंच होतो. म्हणून एकेका ग्रॅमचा हिशेब.

सांगाडा तीन मिलिमीटर प्लायचा, आडव्या फासळ्यांना मोठमोठी भोकं पाडलेली. त्यावर काचकापड आणि इपॉक्सी. नवशिका माणूस इथे राळ सढळ हाताने ओततो, कारण ओलं चकचकीत कापड मजबूत वाटतं. मजबुती कापडात असते. राळेने कापड फक्त चिकटून राहावं एवढीच तिची गरज. जास्तीची राळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढायची, मग वर कागद दाबून टिपायची, आणि कापडाची वीण दिसू लागली की थांबायचं. रंगाचंही तसंच. तीन हात रंगाने किती वजन वाढतं ते बाजारातल्या डाळीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर कळलं; तो काटा पोती नाही, किरकोळ माल तोलायचा, पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा. शेजारी तूरडाळ तोलली जात असताना आमचा उघडा सांगाडा काट्यावर चढला, तेव्हा हमालांनी कामं थांबवली. त्यांच्यातल्या एकाने दोन बोटांनी बोट उचलून पाहिली आणि खाली ठेवली. वजन उचलण्याचा धंदा असलेल्या माणसाची ती पावती मला कुठल्याही काट्यापेक्षा मोठी वाटली.

तरंगण्यासाठी पोकळीत थर्माकोल भरतात. तिथे एक सापळा आहे. पॉलिएस्टर राळ थर्माकोल खाऊन टाकते, इपॉक्सी खात नाही. आणि पेट्रोल तर थर्माकोलला मिनिटात विरघळवतं, म्हणजे टाकी गळाली की बोटीचा जीव वाचवणारी वस्तूच आधी जाते. थर्माकोल टाकीपासून लांब, इपॉक्सीत गुंडाळून ठेवायचा.

लाकूड आणि काचकापड हे साहित्य खेळण्यातलं आहे असं कुणाला वाटत असेल तर ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीची गोष्ट ऐकावी. या माणसाने सिडनीतल्या घराच्या अंगणात लाकूड आणि काचकापडाची बोट बांधली, लिलावात घेतलेलं लष्कराचं जुनं जेट इंजिन तिच्यावर चढवलं, आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर ताशी ५११ किलोमीटर वेग गाठला. बोटीचं नाव 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया'. पाण्यावरचा तो विक्रम त्यानंतर कुणालाही मोडता आला नाही. वॉर्बी २०२३ मध्ये वारला, विक्रम त्याच्या नावावर ठेवूनच.

हलकेपणाला मात्र खालची मर्यादा आहे, आणि ती अचानक येते. वेगात असलेल्या बोटीच्या पोटाखाली हवा शिरते. नाक जरा वर उचललं गेलं की तळाचा पंख होतो, मग हवा नाक आणखी उचलते, आणि बोट मागच्या मागे कोलांटी खाते. वेगाचे विक्रम करणारा ब्रिटिश डोनाल्ड कॅम्पबेल ४ जानेवारी १९६७ ला कोनिस्टन सरोवरावर असाच गेला. ताशी ३०० मैलांच्या पलीकडे त्याच्या 'ब्लूबर्ड'ने नाक वर केलं आणि सगळं काही सेकंदांत संपलं. बोटीचा सांगाडा २००१ साली वर काढला. आमच्या बोटीला अर्थातच तो वेग नव्हता, पण हवेला मोठं-लहान कळत नाही. व्ही आकाराच्या बोटीचा तोल मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण तीस टक्क्यांवर हवा. आमचा त्याहून मागे पडत होता. टायरच्या दुकानातून चाकं बॅलन्स करायची शिशाची वजनं आणली आणि नाकात चिकटवली. राळ खरवडून वाचवलेले ग्रॅम शिशाच्या रूपाने परत आले. पुतण्या हसला. पण वजन कमी करण्याचा खरा फायदा हाच आहे की नंतर ते हवं तिथे ठेवता येतं.

आता पाइप.

रायपुरात, नागपुरात, कुठेही चाळीशी ओलांडलेल्या माणसाला विचारा, दोन-स्ट्रोकच्या सायलेन्सरबद्दल त्याला एक अनुभव असतोच. लूना ही पुण्याच्या कायनेटिकची १९७२ ची देणगी, पन्नास सीसीची. तिचा सायलेन्सर काजळीने भरला की गाडी चढ चढेना. मग मिस्त्री तो काढून आतली जाळी आगीत भाजायचा, काजळी झटकायचा आणि पुन्हा बसवायचा. एखादा उत्साही मुलगा जाळीच काढून टाकायचा, किंवा सायलेन्सरच्या जागी नुसती नळी लावायचा. कोल्हापूर-सांगलीकडे जिला पुंगळी म्हणतात ती. आवाज फाडणारा यायचा आणि गाडी आधीपेक्षा हळू जायची. 'सायलेन्सर काढला की पिकअप जातो' हे गल्लीतलं ज्ञान होतं, त्याचं कारण कुणी सांगत नसे. चार-स्ट्रोकवाल्यांना हे खोटं वाटतं. दोन-स्ट्रोकला ते अक्षरशः खरं आहे.

या इंजिनात झडपा नसतात. पिस्टन खाली उतरताना सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडतो. आधी जळलेला वायू बाहेर जायचं, लगेच मागोमाग ताजं मिश्रण आत यायचं. काही काळ दोन्ही दारं एकदम उघडी राहतात, आणि तेवढ्यात आत आलेल्या पेट्रोलचा काही भाग जळलेल्या वायूच्या मागे लागून न जळताच बाहेर पळतो. झडप नाही, तर त्याला अडवणार कोण? उत्तर असं की खुद्द बाहेर गेलेला धक्काच अडवतो. दार उघडल्यावर नळ्यात दाबाची एक लाट सुटते. वायू स्वतः सावकाश वाहतो, लाट मात्र त्या तापलेल्या वायूत सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास धावते. नळा रुंदावत जातो तिथून ती ओढीची लाट होऊन उलटी फिरते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर शोषून घेते. पुढे नळा अरुंद होतो तिथून दाबाची लाट परत येते, आणि ती अचूक वेळी दारापाशी पोचली तर पळालेलं ताजं मिश्रण ढकलत पुन्हा आत कोंबते. दार बंद होतं. पत्र्याच्या फुगीर नळ्याने, एकही हलता भाग न वापरता, झडपेचं काम केलेलं असतं.

हे शोधून पक्कं केलं ते पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात, वाल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने, १९५० च्या दशकात. युद्धकाळात तो जर्मन रॉकेटांच्या कामावर होता. तुटपुंज्या पैशांत त्याने १२५ सीसीच्या इंजिनातून लिटरमागे २०० अश्वशक्ती काढली, त्या काळात कुणाच्या स्वप्नातही नसलेली. १९६१ साली स्वीडनच्या शर्यतीनंतर त्याचा मुख्य स्वार एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. डोक्यात पाइपचं गुपित होतंच. १९६२ मध्ये सुझुकीने पन्नास सीसीची जागतिक स्पर्धा जिंकली, डेगनरच्याच हातून. तिथून ते तंत्र साऱ्या जपानी दोन-स्ट्रोक गाड्यांत पसरलं. काडेनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. १९८५ ते १९९६ या काळात भारतात विकली गेलेली यामाहाची आरएक्स १०० आठवा; ९८ सीसीत ११ अश्वशक्ती. ती एका ठरावीक फेऱ्यांवर अचानक अंगात आल्यासारखी पळायची. ते अंगात येणं म्हणजे परतलेली लाट नेमक्या क्षणी दारात पोचणं.

आमच्या भागातला मिस्त्री या गाड्यांवर म्हातारा झाला. काडेनचं नाव त्याने ऐकलेलं नाही. आता सगळ्या गाड्या चार-स्ट्रोक, पुष्कळशा विजेच्या, त्यामुळे त्याच्या हाती गवताची यंत्रं आणि हौशी पोरांच्या जपलेल्या आरएक्स एवढंच उरलं आहे. मी इंजिन त्याच्यापुढे ठेवलं तेव्हा त्याने विचारलं, "डोंगा म घलो साइलेंसर लागथे का?" होडीलाही सायलेन्सर लागतो का? लागतो म्हटल्यावर त्याने चष्मा पुसला आणि पुढचा तासभर होडीचा विषय न काढता इंजिनाच्या दारांचे कोन मोजले. पिस्टनवर पट्टी, फ्लायव्हीलवर कागदाचं चाक. धूर जायचं दार त्याने कानशीने वरच्या बाजूने जरासं वाढवलं आणि १६० अंशांवर आणून थांबला. आणखी वाढवायचा मोह मला होता. "भैया, दार मोठं करणं सोपं," तो त्याच्या हिंदीत म्हणाला, "भरणं अवघड."

त्या कोनावरून गणित मांडता येतं. मिनिटाला १४,००० फेऱ्या धरल्या तर एक फेरी सव्वाचार मिलिसेकंदांची. त्यातले १६० अंश म्हणजे दोन मिलिसेकंदांना थोडे कमी. तेवढ्या वेळात लाट सुमारे ९५ सेंटीमीटर धावते. जायचं आणि यायचं, म्हणून त्याच्या निम्मं. दारापासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंत ४८ सेंटीमीटर. आणि ९,००० फेऱ्यांसाठी हाच हिशेब केला तर नळा ७४ सेंटीमीटर निघतो. म्हणजे वर जो नळा जीव ओततो तोच खाली इंजिनाचा गळा धरतो. सगळ्या फेऱ्यांना चालणारा पाइप नसतो. निवड करावीच लागते.

पाइप करायचा कुणी? मिस्त्रीने बोट दाखवलं ते बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या पत्रेवाल्याकडे. हा तेलाच्या व्यापाऱ्यांसाठी नरसाळी करतो. पिंपातून डब्यात ओतायची, हातभर तोंडाची, सगळ्या आकारांची. मी त्याला चित्र दाखवलं. पुढे सावकाश रुंदावणारा लांब शंकू, मध्ये सरळ पोट, मागे पटकन निमुळता होणारा आखूड शंकू, शेवटी बारीक शेपटी. त्याने एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "दोन नरसाळी तोंडाला तोंड लावून. मध्ये डबा." याहून चांगलं वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

पुतण्याने मोबाइलवर आकडे काढून ठेवले होते. पुढच्या शंकूचं लहान तोंड २४ मिलिमीटर, मोठं ६०, लांबी २००. असा शंकू उलगडून पत्र्यावर पसरला की वर्तुळाची एक फाक होते. बाहेरची त्रिज्या ३३५ मिलिमीटर, आतली १३४, कोन सव्वाबत्तीस अंश. पत्रेवाल्याने आकड्यांकडे पाहिलं नाही. त्याने फरशीवर खडूने शंकूची बाजू काढली, दोन्ही तिरक्या रेषा मागे वाढवत नेल्या, आणि त्या जिथे मिळाल्या तिथे खिळा टेकवून सुतळीने दोन कमानी मारल्या. मग मोठ्या तोंडाचा घेर सुतळीनेच बाहेरच्या कमानीवर मोजला. पुतण्याने कोनमापक लावलं. बत्तीस. त्या मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला हीच रचना त्याने ड्रॉइंग बोर्डवर काढली होती, गुणांसाठी.

पत्रा काळा घेतला, जस्ताचा नाही. जस्त चढवलेल्या पत्र्याला गॅसची ज्योत लावली की पांढरा विषारी धूर निघतो, हे पत्रेवाल्याला सांगावं लागलं नाही. काम चालू असताना त्याने विचारलं, ही मेळ्यातल्या फटफट बोटीची मोठी बहीण का? महादेवघाटला कार्तिकी पुन्नीच्या मेळ्यात मिळते ती; पत्र्याची, आत मेणबत्ती, पाठीमागे दोन नळ्या. मला तो प्रश्न फार आवडला, कारण त्या खेळण्यात नळ्या हेच इंजिन असतं. बॉयलरमधली वाफ नळीतलं पाणी बाहेर फेकते, वाफ थिजली की पाणी आत ओढलं जातं. बाहेर पडणारं पाणी सरळ धारेने मागे जातं, आत येणारं चोहोबाजूंनी येतं, म्हणून बोट पुढे सरकते. तोमा पियो या फ्रेंच माणसाने १८९१ साली ब्रिटनमध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुण्याच्या आयुकामध्ये अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून केलेल्या खेळण्यांत या बोटीलाही जागा दिली, ती आता शाळाशाळांत पोचली आहे. पत्रेवाल्याला मी म्हटलं, हो, मोठी बहीणच. नळ्याची लांबी तिलाही कळते.

नळा इंजिनाला थेट जोडत नाहीत. मध्ये सिलिकॉन रबराची नळी असते, दोन्ही बाजूंना क्लिपा. क्लिप सैल करून पाइप पुढे-मागे सरकवायचा. पाच मिलिमीटर आत सरकवला की ताकदीचा शेंडा साधारण दीडशे फेऱ्यांनी वर जातो. आकड्यांतून तेवढंच निघतं. हे सगळं घरी, ओट्यावर, इंजिन चिमट्यात धरून करता येईल असं वाटतं. तो फुकटचा आवाज आहे. ओट्यावर इंजिनाला भार नसतो, आणि भार नसला की ते कुठल्याही पाइपवर किंचाळतं. प्रॉपेलर पाण्यात अर्धा बुडालेला असताना, बोट चढ ओलांडत असताना इंजिन किती फिरतं, तेवढ्या एका आकड्याला पाइप जुळवायचा असतो. प्रॉपेलर बदलला की पाइपची जागा बदलते. सकाळचं गार पाणी आणि दुपारचं ऊन यांनीसुद्धा बदलते, कारण नळ्यातला वायू जितका तापेल तितकी लाट वेगाने धावते. पाइपवर पाण्याचा फवारा बसला तर लाट मंदावते आणि तोच पाइप अचानक लांब पडतो.

खाणीच्या कड्यांनी इथे उपकार केले. बोट समोरून जाताना तिचा आवाज कड्यावर आपटून परत यायचा, त्यामुळे फेऱ्यांमधला बारीक बदलही दुप्पट होऊन ऐकू येई. मी रिमोट धरलेला, पुतण्याकडे मोबाइलवर आवाजाची वारंवारता दाखवणारं अ‍ॅप, आणि मिस्त्री कड्यावर उकिडवा बसून डोळे मिटलेला. दोन-स्ट्रोक इंजिन फेरीमागे एकदा पेटतं, म्हणून आवाजाच्या हर्ट्झला साठने गुणलं की मिनिटाच्या फेऱ्या मिळतात. २३३ हर्ट्झ म्हणजे १४,०००. पुतण्या आकडा सांगायच्या आत मिस्त्री हात वर करायचा: अजून पाइपवर, म्हणजे लाटेच्या नेमक्या वेळेवर, आली नाही. किंवा: आली. दोघांचा निकाल एकदाही वेगळा आला नाही, फक्त मिस्त्रीचा आधी यायचा.

लांबी आखूड करत गेलं की एक टप्पा येतो, जिथे शेवटचा वेग वाढतो पण बोटीला चढच ओलांडता येत नाही. ती नाक वर करून, पाणी ढकलत, दमेकऱ्यासारखी रांगत राहते. शर्यतीत वळणावर वेग पडतो आणि प्रत्येक वळणानंतर बोटीला पुन्हा उठावं लागतं. सरळ रेषेत सर्वांत जलद असलेला पाइप वळणांच्या शर्यतीत हरतो. आम्ही शेंड्यापासून जरा लांब पाइप कायम केला. पुतण्याला ते पटलं नाही. त्याला मोबाइलवरचा सर्वांत मोठा आकडा हवा होता. मिस्त्रीने माझी बाजू घेतली. त्याने आयुष्यभर अशा गाड्या दुरुस्त केल्या होत्या, ज्यांचे मालक मोठा आकडा सांगत आणि रेल्वेपुलाच्या चढावर पहिला गियर टाकत.

शेपटीच्या भोकाबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे इंजिनं मरतात. शेवटची बारीक नळी जितकी अरुंद तितका पाइपमध्ये दाब टिकतो आणि थोडी ताकदही वाढते. पण उष्णताही कोंडते, आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. मिस्त्री तिथे कंजूष नव्हता. स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचा, कॉफीसारखा तपकिरी हवा. पांढरा दिसला की पेट्रोलचा सुई-स्क्रू सैल कर, शेपटीचं भोक मोठं कर, आणि घरी जा.

आवाजाचा प्रश्न उरतो, आणि मी तो झटकणार नाही. गोळीसारखे फटाके फोडणाऱ्या बुलेटचे सायलेन्सर अनेक शहरांत पोलीस रोडरोलरखाली घालतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ती पुंगळी काही काम करत नाही, फक्त ओरडते. आमच्या शेपटीवर आम्ही काचलोकर भरलेला दुसरा छोटा डबा बसवला. लाटेचं काम दोन नरसाळ्यांत आधीच उरकलेलं असतं, त्यामुळे मागे आवाज दाबला तरी वेग जवळपास तोच राहतो. गुढियारीच्या पत्रेवाल्याला हे पहिल्या दिवशी समजलं. मोटारसायकलवाल्यांना ते कधी समजेल कोण जाणे.

विदर्भातल्या वाचकांना एक सांगणं. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारीच्या काळातले मामा तलाव आहेत, आमच्या तरियांचेच भाऊबंद; तुम्हालाही ही बोट करून बघायचा मोह होईल. जरूर करा, पण पाण्यात माणूस, म्हैस किंवा जाळं असेल तर इंजिन सुरू करू नका. मिनिटाला १४,००० फिरणारं धातूचं पातं हाताचं बोट कापतं आणि थांबत नाही. बंद खाणीत जायचं तर मालकाला विचारून, पोहणारा माणूस आणि लाइफ जॅकेट घेऊन, मुलांना काठापासून लांब ठेवून. आणि तयार पाइप परदेशातून मागवण्याआधी तुमच्या गावातला लूनाच्या काळातला मिस्त्री शोधा. ती माणसं आता सत्तरीच्या आसपास आहेत आणि त्यांच्याकडे शिकायला कुणी जात नाही. याच हिवाळ्यात जा.